माझ्या रक्ताच्या बावीस प्लेट्स

दर महिन्याला मी इंजेक्शन घ्यायला जातो. बाकावर माझ्या शेजारी बहुतेक शाळेतली पोरं असतात, आयांबरोबर आलेली. सगळ्यांचा आजार एकच, हृदयाची झडप. एखादी आई माझ्या पांढऱ्या होत चाललेल्या केसांकडे बघून विचारते, "तुम्हाला कसं झालं हो?" मी म्हणतो, "घसा दुखला होता." ती म्हणते, "एवढंच?" मी म्हणतो, "एवढंच."

चार वर्षं त्या "एवढंच"वर काढली. आता चाळिशी उलटली आहे. मराठी राज्य झालं, आमच्या फणसवाडीत पेढे वाटून झाले, आणि मी अजून जिन्यावर प्रत्येक मजल्याला थांबतो. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांच्या उपयोगाला यावं म्हणून लिहितो आहे. आणखीही एक कारण आहे, ते शेवटी सांगेन.

*

परळच्या एका बाळंतपणाच्या इस्पितळात मी लॅबमध्ये होतो. नाव लिहीत नाही, कारण दोष इस्पितळाचा नाही. काम माझं असं, की वॉर्डातून आलेले पू, रक्त, घशातले बोळे जंतू वाढवायच्या काचेच्या प्लेटवर रेघाटायचे, उबेत ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी काय उगवलं ते आमच्या डॉक्टरबाईंना दाखवायचं. बाई कडक. मला "कर्णिक" म्हणत, आणि माझ्या हातावर त्यांचा विश्वास होता.

त्या हिवाळ्यात वॉर्डात दोन बाळंतिणींना तिसऱ्या दिवशी हीव भरून ताप आला. त्यांच्या नमुन्यांतून स्ट्रेप्टोकॉकस उगवला. साखळीत राहणारे गोल जंतू. घशात असले तर नुसता घसा धरतो, कधी कधी तेवढंही होत नाही. ओल्या बाळंतिणीच्या पोटात गेले तर तिच्या जिवावर बेततं. रक्त घातलेल्या लालभडक प्लेटवर त्यांचे ठिपके टाचणीच्या टोकाएवढे असतात, पण प्रत्येकाभोवती रक्त विरघळून असं स्वच्छ कडं पडतं की त्यातून वर्तमानपत्र वाचता यावं.

दोघी पेनिसिलिननं वाचल्या. पण बाई म्हणाल्या, "हे कुणाच्या तरी घशातून येतंय. उद्या सगळ्यांचे घसे तपासायचे. डॉक्टर, नर्सा, आया, आणि कर्णिक, तुम्ही आणि मीसुद्धा."

मी "हो बाई" म्हटलं. म्हणताना गिळायला त्रास झाला.

*

घसा दोन दिवसांपासून दुखत होता. नियम असा होता की घसा दुखला की सांगायचं आणि घरी बसायचं. मी सांगितलं नव्हतं. नमुने आणायला मी रोज वॉर्डात जात होतो, त्या दोघींच्या खाटांपाशी उभा राहिलो होतो. प्लेटवर माझ्याच नावासमोर ती कडी दिसली तर? बाई काय म्हणतील, सगळं इस्पितळ काय म्हणेल?

संध्याकाळी घरी येताना मी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात शिरलो. गोविंदराव कंपाउंडर माझ्या ओळखीचे.

"एक पेनिसिलिन द्या," मी म्हटलं.

"डॉक्टरांची चिठ्ठी?"

"तुम्हाला मी काय आज भेटतोय?"

त्यांनी टॉर्च मारून घसा बघितला. "लालबुंद झालाय की! अहो, एकानं नाही भागायचं. आठ-दहा दिवस घ्यावी लागतील."

"येतो की उद्या," मी म्हटलं.

मला घसा बरा करायचा नव्हता. तपासणीत तो कोरा निघायला हवा होता.

*

दुसऱ्या दिवशी शहर बंद होतं. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही ही बातमी आली होती आणि लोक रस्त्यावर उतरले होते. मी गिरगावातून परळपर्यंत चालत गेलो. लालबागला काचांचा खच पडला होता. घसा निम्म्यानं उतरला होता, आणि खरं सांगतो, मला हुशारी वाटत होती.

लॅबमध्ये बाई डोक्याला हात लावून बसल्या होत्या. प्लेट्ससाठी आम्ही मेंढीचं रक्त वापरत असू. बांद्र्याच्या खाटीकखान्यातून माणूस ते घेऊन येई. आज तो येणं शक्य नव्हतं. अशा वेळी आमच्याकडे एक रीत होती. लॅबमधल्याच कुणाच्या तरी दंडातून थोडं रक्त काढायचं, काचेच्या मण्यांच्या बाटलीत घुसळायचं म्हणजे गोठत नाही, आणि तेच प्लेट्सना वापरायचं. पूर्वी दोनदा मी दिलं होतं.

"कर्णिक, बाही वर करा," बाई म्हणाल्या. "तुमची शीर छान सापडते."

मी उभाच राहिलो. काल संध्याकाळी घेतलेलं पेनिसिलिन माझ्या रक्तात फिरत होतं, आणि ज्या जंतूंना आम्ही शोधत होतो त्यांना मारायला त्याचा एक थेंबही पुरतो. लॅबमध्ये अकरा वर्षं काढलेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको. पण नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

"काय झालं? घाबरलात की काय? बायका बाळंत होतात इथे!" बाई हसल्या.

मी बाही वर केली.

अगार, म्हणजे प्लेटमध्ये थिजणारी खळ, वितळवलं, हाताला सोसेल इतकं निवू दिलं, त्यात माझं रक्त मिसळून प्लेट्स ओतल्या. बावीस. त्याच दुपारी बावीस घशांचे बोळे त्यांच्यावर रेघाटले. त्यातला एक माझा.

*

संचारबंदी लागली आणि आम्ही तिथेच अडकलो. तीन दिवस लॅबच्या टेबलावर झोपलो. बाहेर गोळीबाराचे आवाज आले की वॉर्डात नर्सा खिडक्या लावत फिरायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट्स काढल्या. कुणाच्याही घशातून काही ना काही उगवतंच, निरुपद्रवी जंतूंची दाट साय येते. या प्लेट्स जवळजवळ कोऱ्या होत्या. कुठे एखादा पांढरा ठिपका, बस्स. बाईंनी एक प्लेट खिडकीशी धरली. त्यांचा मुलगा गिरगावात कुठेतरी मोर्च्यात होता, दोन दिवस त्याचा पत्ता नव्हता. त्यांचं अर्धं लक्ष रस्त्यावर होतं.

"इतके स्वच्छ घसे? काय हो कर्णिक?"

"आदल्या दिवसापासून सगळ्यांना परमँगनेटच्या गुळण्या करायला लावल्यात मी," मी म्हटलं.

मी कुणालाही काहीही करायला लावलं नव्हतं.

"वा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी सही केली. घसे निर्दोष.

*

तीन आठवड्यांनी उजवा घोटा सुजला. पत्नी, मालती, म्हणाली, "एवढं चालायची सवय आहे का तुम्हाला?" चौथ्या दिवशी घोटा बरा आणि डावा गुडघा भोपळ्यासारखा. मग मनगट. ताप. शर्टाचं बटण लावता येईना. फणसवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी, मालती, धाकटा भाऊ सुधाकर आणि त्याची बायको नलिनी. नलिनीला आठवा संपत आला होता. तिनं नववा गाठेपर्यंत मी घरीच काढे आणि लेप करून बघितले. शेवटी चौघांनी मला खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं आणि परळच्याच दुसऱ्या, मोठ्या इस्पितळात नेलं.

पायांवर पांघरुणाचा भार सोसवेना, म्हणून सिस्टरनं खाटेवर लोखंडी कमान ठेवून वर चादर टाकली. उठायचं नाही, बसायचं नाही, पेलासुद्धा स्वतः उचलायचा नाही. छताला चार पंखे होते. त्यातला एक बंद होता. मी त्याच्याकडेच बघायचो.

शेजारच्या खाटेवर शिवडीच्या गोदीत हमाली करणारे बबनराव होते, दम्याचे. ते मला पाणी पाजायचे, सांडलं तर स्वतःच्या टॉवेलनं पुसायचे. म्हणाले, "साहेब, तुमचं दुखणं म्हंजी मोर्चाच झाला की. आज या नाक्यावर, उद्या त्या. पोलीस येईस्तवर पसार!" हसलो तर बरगड्यांत कळ आली. तरी हसलो. त्या खाटेवर हसलो तेवढंच.

*

राउंडला तरुण डॉक्टर आले. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले.

"गेल्या महिन्या-दीड महिन्यात घसा दुखला होता का?"

"नाही."

"नीट आठवा."

"नाही, डॉक्टर."

हो म्हटलं असतं तर निदान त्याच क्षणी झालं असतं. पण त्याच्या मागून दुसरा प्रश्न आला असता, कधी? आणि मग, काय औषध घेतलंत? मग बाई. मग प्लेट्स.

ते बुचकळ्यात पडले. सांधे सुजतात, दुखणं फिरतं, घसा तर दुखला नाही म्हणतो. त्यांनी मालतीला बाहेर बसायला सांगितलं आणि खाली वाकून विचारलं, "बाहेर कुठे जाता का? म्हणजे... बायकांकडे? लाजू नका. परम्यातही सांधे असे धरतात."

मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नसावं. तपासण्या झाल्या. मालती शिकलेली होती, कागदावर काय लिहिलं ते तिला वाचता येत होतं. ती दुसऱ्या दिवशी आली, पेज भरवली, तोंड पुसलं. डबा उचलला आणि गेली. तिसऱ्या दिवशी डबा झाकताना म्हणाली, "तुम्ही काही सांगणार आहात का मला?"

"तसं काही नाही, मालती."

"मग कसं आहे?"

मी बंद पंख्याकडे बघत राहिलो. बायकोनं मला तसला माणूस समजावं, हे मी सोसलं. घसा दुखला होता, हे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत. यातून काय ते समजा.

*

आठव्या दिवशी डॉक्टरबाई मोसंबी घेऊन आल्या. स्टुलावर बसून स्वतः सोलायला लागल्या. त्यांचा मुलगा सुखरूप घरी आला होता.

"आणखी एक झाली, कर्णिक," त्या म्हणाल्या. "लालबागची. पहिलटकरीण. पाचव्या दिवशी घरी सोडली, घरी गेल्यावर ताप भरला. बाळंतवात म्हणून घरच्यांनी दोन दिवस शेक दिला. आणली तेव्हा उशीर झाला होता. काल गेली."

मोसंब्याची फोड त्यांनी माझ्या तोंडात घातली.

"कुठून येतं हो हे? आपले तर घसे स्वच्छ आहेत."

फोड गिळायला मला फार वेळ लागला. बाई थांबल्या, पाणी पाजलं, "विश्रांती घ्या" म्हणून कपाळावर हात ठेवला आणि गेल्या.

मी बोललो नाही. ती गेलीच आहे, आता बोलून तिला काय, असं मी स्वतःला सांगितलं. वॉर्डात त्या दिवशी आणखी किती जणी होत्या, हे मला पक्कं माहीत होतं.

*

त्यानंतर चार दिवसांनी मालती भेटीच्या वेळेआधीच आली. "नलूला सकाळपासून बारीक कळा आहेत. अजून वेळ आहे म्हणतात. सुधाभाऊजी संध्याकाळी तिला तुमच्या इस्पितळात नेतायत. तुमची माणसं आहेत तिथे, एक बरं आहे."

"तिथे नेऊ नका."

"म्हणजे? नाव तुम्हीच घातलंय."

"नेऊ नका म्हणतोय ना!"

"अहो, कारण काय? बाईमाणसाला या घटकेला कुठे घेऊन फिरायचं? काहीतरी कारण सांगाल की नाही?"

उठून जाता येत नव्हतं. कूस वळवता येत नव्हती. तोंडावर चादर ओढून घ्यायलासुद्धा हात उचलत नव्हता. बबनराव पाठ करून झोपल्याचं सोंग करत होते. मी सांगितलं. घसा, इंजेक्शन, रक्त, प्लेट्स, लालबागची बाळंतीण, सगळं.

मालती ऐकत उभी होती. मला वाटलं, परम्याचं नव्हतं हे कळून तिचा चेहरा जरा तरी सैल पडेल. नाही पडला.

"ती लालबागची," ती म्हणाली, "ती आधी ना नंतर?"

"नंतर."

तिनं पिशवी उचलली. "आधी नलूचं बघते. मग तुमच्या बाईंना पाठवते."

*

बाई तासाभरात आल्या. या वेळी बसल्या नाहीत. सगळं ऐकून घेतलं. मी थांबलो तेव्हा एवढंच म्हणाल्या, "चार दिवसांपूर्वी मी इथेच बसले होते."

त्यांनी स्टुलाकडे बघितलं.

"फोड भरवली तुम्हाला."

त्या गेल्या त्या थेट लॅबमध्ये. मेंढीच्या रक्ताच्या ताज्या प्लेट्स ओतल्या. लेबर रूममधल्या एका नर्सच्या प्लेटवर कडीच कडी होती. तिचा घसा एक दिवसही दुखला नव्हता. तिला पुरी इंजेक्शनं दिली, घसा कोरा झाल्यावर ती कामावर परतली. त्यानंतर वॉर्डात ताप आला नाही. म्हणजे माझ्या प्लेट्स खऱ्या असत्या तर ती दीड महिन्यापूर्वीच सापडली असती.

नलिनी दुसरीकडे बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप.

माझंही निदान त्याच दिवशी झालं. संधिज्वर. घशातल्या त्याच जंतूच्या मागून येणारा, सांध्यांना शिवून हृदयाला चावणारा. तरुण डॉक्टर चिडले. "पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर? आणि त्या वेळी दहा दिवस इंजेक्शनं घेतली असती तर हे झालंच नसतं." एकाच इंजेक्शनानं प्लेट्स कोऱ्या केल्या, आणि एकच घेतलं म्हणून माझी झडप गेली. सांध्यांसाठी दिलेल्या औषधानं कानांत गिरणीचा भोंगा वाजत राहायचा. तीन महिने मी त्या कमानीखाली होतो.

*

आता घरात, इस्पितळात कुणालाच न सांगितलेलं. मालतीला, बाईंना, सगळ्यांना मी सांगितलं की खाटेवर पडल्या पडल्या विचार करताना प्लेट्सचं लक्षात आलं. त्यांनी ते खरं मानलं. बाईंनी त्यावर मला कामावरून काढलंही नाही. चौकशीत "आजारी माणसाच्या उशिरा लक्षात आलेली चूक" असं लिहिलं गेलं.

ते खोटं आहे. बाही वर करतानाच मला कळत होतं. कोऱ्या प्लेट्स हातात घेतल्या तेव्हा तर शंकाच उरली नव्हती. म्हणून तर गुळण्यांचं तोंडात आलं. ती चूक नव्हती.

उभं राहायचं काम झेपेना, म्हणून मला केसपेपरांच्या खोलीत बसवलं. लालबागच्या त्या बाळंतिणीचा कागद तिथेच आहे, माझ्या खुर्चीमागच्या फडताळात, खालून तिसऱ्या कप्प्यात. चार वर्षं मी त्याच्याकडे पाठ करून बसतो आहे. गेल्या महिन्यात तो काढला आणि पत्ता उतरवून घेतला.

*

चाळ चार मजली, खोली तिसऱ्यावर. मी प्रत्येक मजल्याला थांबत गेलो. तिचा नवरा पहिल्या पाळीहून येऊन जेवून बसला होता. कोकणातला, माझ्याहून लहान. मी इस्पितळातून आलो म्हटल्यावर त्यानं चटई अंथरली.

मी सगळं सांगितलं. बाही वर केली तेव्हाचंही. तो मान खाली घालून चटईची काडी मोडत होता.

"म्हणजे तुमका ठाऊक होता," तो म्हणाला.

"हो."

"मगे सांगलात कधी?"

"माझी भावजय तिथे जायची होती, तेव्हा."

शेजारच्या खोलीत कुणीतरी कपबशा विसळत होतं.

"तिका काय झाला? चेडू की झील?"

"मुलगी."

"माझापण चेडूच. गावाक आसा, माझ्या आवशीकडे." तो उठला. मला वाटलं, आता हाकलेल. त्यानं फळीवरून एक पाटी काढून दाखवली. गावाहून परतताना बरोबर आणली होती. तिच्यावर वेडंवाकडं अ, आ काढलेलं होतं.

"माका बोलूक येणा नाय," तो म्हणाला. "ता मोठा होऊन विचारतला, आयेक काय झाला होता? मी काय सांगू? ताप? तुमी आता जा काय सांगलात, ता सगळा लिवून द्या. काय गाळू नका."

मी हो म्हटलं. तो जिन्यापर्यंत आला नाही.

घसा दुखला तर सांगा, लपवू नका, आणि इंजेक्शनं पुरी घ्या. हे बाकावरच्या आयांसाठी. बाकीचं सगळं त्या पाटीवरच्या मुलीसाठी लिहिलं आहे. मोठ्या अक्षरात, जोडाक्षरं सोडवून, एक प्रत वेगळी काढली आहे. रविवारी पुन्हा ते तीन मजले चढायचे आहेत.